लल्ला मब्रूकाची शिडी

आमच्या नव्या वस्तीत कुणाचं घर शोधायचं असेल तर नवख्या माणसाला मी एकच सल्ला देतो. शोधू नकोस. गल्लीच्या तोंडाशी उभा राहा आणि हाक मार. कारण सगळी घरं एका साच्यातून काढलेली आहेत. हिरवं पत्र्याचं दार, दाराच्या उजव्या हाताला खिडकी, वर पाण्याची टाकी, आणि दोन घरांच्या मधे दोन हातांची फट. ही फट वारा खेळावा म्हणून इंजिनियर साहेबांनी मुद्दाम ठेवली आहे. वारा खेळतोही, पण एकटा येत नाही, वाळवंट बरोबर घेऊन येतो. मी स्वतः एकदा दुपारच्या उन्हातून आलो, दार ढकललं, गादीवर पडलो आणि तासाभरानं उठलो तेव्हा शेजारी हज्ज शुऐब चहा करत बसला होता. घर त्याचं होतं. त्यानं माझ्या अंगावर चादरसुद्धा घातली होती.

लल्ला मब्रूका याच गल्लीत राहते, माझ्या अगदी समोर. लल्ला हा तिचा मान, मब्रूका हे नाव. वय विचारलं तर म्हणते, "मुख्तारला विचार, तो हिशेब ठेवतो." मुख्तार म्हणजे तिचा मुलगा. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आहे, आणि आईचं वय त्याला विचारलं की तोही घाबरून इकडेतिकडे बघतो. बाई उंच, हाडापेरानं भक्कम, हातात कोपरापर्यंत चांदी. चालते मात्र फार विचित्र. रस्त्यावरून जाताना प्रत्येक पाऊल जरा जास्तच उचलून टाकते, जणू रस्त्यात अदृश्य उंबरठे आहेत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं गुडघे दुखत असतील. गुडघे ठणठणीत आहेत. बाईला रस्त्याची सवय नाही, एवढंच.

कारण तिचा जन्म गेला गच्च्यांवर. खाली खजुराच्या बागांतलं आमचं जुनं गाव म्हणजे एकमेकांना चिकटलेली घरं आणि त्यांच्या पोटातून जाणाऱ्या, वरून झाकलेल्या काळोख्या गल्ल्या. गल्ल्या पुरुषांच्या, गच्च्या बायकांच्या. पुरुष खालून चाचपडत जायचे आणि वळण आलं की खोकायचे, म्हणजे समोरून येणाऱ्याचं कपाळ वाचायचं. वरून बांगड्या वाजल्या तर दोनदा खोकायचं आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. बायका वर उन्हात, मोकळ्या हवेत, या घरावरून त्या घरावर. अर्धं गाव ओलांडायचं तर पाय जमिनीला लावायची गरज नव्हती. लग्नाचं बोलावणं वरून, बाळंतिणीचा काढा वरून, विरजण वरून, आणि कुणाच्या नवऱ्यानं काय आणलं ही बातमी तर त्याच्या आधी वरून घरी पोचलेली असायची.

नव्या वस्तीत आल्यावरही आम्ही पुरुष खोकतोच. लख्ख उजेड आहे, रस्ता उंट आडवा घालावा इतका रुंद आहे, तरी कोपरा आला की घसा आपोआप खाकरतो. किनाऱ्यावरच्या शहरातून आलेल्या डॉक्टरसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात अख्ख्या गावाच्या फुप्फुसांची तपासणी करवून घेतली होती. सगळे ठणठणीत निघाले. साहेब अजून आमच्याकडे संशयानं बघतात.

तर जुन्या गावात या गच्च्यांचा एक मान होता, आणि तो लल्लाच्या घराकडे होता. लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्याकडून नवरीकडे मेंदीचं तबक जातं. ते नवऱ्याच्या घरातल्या सर्वांत थोरल्या बाईनं डोक्यावर न्यायचं, गच्च्यांवरून न्यायचं, ते जमिनीला लागता कामा नये आणि पुरुषाच्या नजरेला पडता कामा नये. ज्या घरात थोरली बाई नसेल किंवा तिची मान धरली असेल, त्या घराचं तबक लल्ला न्यायची. तबक डोक्यावर, दोन्ही हात मोकळे, एका हातानं वाटेत कुणाचा वाळत घातलेला टोमॅटो उचलून तोंडात. तबक हललं असं कुणी सांगत नाही.

घरं मिळाल्यावर गाव वर आलं, पण लग्नं खालीच होत राहिली. लोक तीन दिवसांसाठी जुनं घर झाडून काढायचे, लग्न लावायचे आणि परत नळाच्या पाण्याकडे यायचे. लल्लाचं त्यामुळे बरं चाललं होतं. आणि मग तिच्या नातवाचं, नूरीचं लग्न ठरलं. कुणाशी? आमच्या त्या हज्ज शुऐबच्या इब्तिसामशी. एकाच गल्लीत, एकाच रांगेत, मधे फक्त एक घर. इब्तिसाम नव्या वस्तीतच जन्मलेली, शाळेत गणित शिकवते, बोलते थोडं पण पक्कं. ती म्हणाली, "मी ज्या घरात वाढले त्याच घरातून निघणार. खाली मला वटवाघळं चावतील."

"चावत नाहीत गं, नुसती बघतात," असं तिची आई म्हणाली, पण त्यानं काही साधलं नाही.

लल्लाला वाईट वाटेल म्हणून मुख्तार दोन दिवस गप्प राहिला. शेवटी सांगितलं. लल्ला शेंगदाणे सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "बरोबर आहे पोरीचं. तिच्या घरून होऊ दे."

मुख्तारनं सुटकेचा श्वास टाकला.

"फक्त तबक गच्चीवरून जाईल."

"आई, इथल्या गच्च्या जोडलेल्या नाहीत."

"ते मला दिसतंय. मी काय आंधळी आहे?"

"मग गाडीतून नेऊ. झाकून. गाडीला पडदे लावू."

"तबक गाडीला लागणार, गाडी जमिनीला लागणार. मग तबक कशाला लागलं?" लल्लानं शेंगदाणा तोंडात टाकला. "गच्चीवरून गेलं तर मी नेईन. नाहीतर तुझ्या बायकोला सांग. नाहीतर पाण्याच्या टँकरवरून पाठव, तुझ्याच खात्याचा आहे."

सबंध गल्लीत कळलं, की लल्ला आपल्या सख्ख्या नातवाचं तबक नेईल की नाही, हेच आता नक्की नाही. दुसऱ्यांची आयुष्यभर वाहिली आणि स्वतःच्या नातवाच्या वेळी खाली खोलीत बसून राहणार, या विचारानं नूरीच्या घशाखाली घास उतरेना. तो म्हणाला, "आजी नसेल तर मेंदी नको, लग्न पुढं ढकला." हे ऐकून शुऐबच्या घशाखालचाही घास थांबला, कारण बोकड आणून बांधला होता.

खरी अडचण फटीची नव्हती. दोन हातांची फट म्हणजे काय, शेळीसुद्धा उडी मारते. खरी अडचण मधल्या घराची होती. लल्लाचं घर, मग ते घर, मग शुऐबचं. आणि मधलं घर सल्लूहाचं.

सल्लूहा म्हणजे जुन्या गावातली लल्लाची गच्चीशेजारीण. दोघी एका वर्षी लग्न होऊन आल्या. सल्लूहाची गच्ची पुरुषभर खाली होती, म्हणून दोन गच्च्यांच्या मधे खजुराच्या लाकडाची, कातड्याच्या वाद्यांनी बांधलेली शिडी असायची. त्या शिडीनं दोघींची किती पोरं चढवली-उतरवली, किती डाळ, किती रडगाणी, किती कुसकुसच्या थाळ्या. दोघींचे नवरे गेले, शिडी राहिली. आणि नव्या वस्तीत येण्याच्या दिवशी त्याच शिडीवरून दोघी अशा भांडल्या की ओझी लादलेली गाढवंसुद्धा थांबून ऐकत होती.

सल्लूहा म्हणाली, शिडी माझ्या बागेतल्या झाडाची. लल्ला म्हणाली, घडवली माझ्या नवऱ्यानं. सल्लूहा म्हणाली, तुझ्या नवऱ्यानं आयुष्यात घडवलेली तेवढीच एक गोष्ट, म्हणून इतका पुळका. हे वाक्य नको होतं. लल्लानं शिडी आपल्या गाड्यावर टाकली आणि बोलणं बंद.

खाली असतं तर हे भांडण संध्याकाळपर्यंत टिकलं नसतं. पाणी आणायला, पीठ मागायला, विस्तव न्यायला जायचं तर एकमेकींच्या गच्चीवरूनच. कुणाशी अबोला धरायचा म्हणजे घरातच बसायचं. नव्या वस्तीत सरळ, रुंद रस्ते आहेत, प्रत्येकाला आपलं दार आहे, आपला नळ आहे, त्यामुळे इथं भांडण परवडतं. दोघींचं पंचवीस वर्षं परवडलं. सोडतीत घरं मात्र शेजारीशेजारीच निघाली. शिडी लल्लाच्या गच्चीवर आडवी पडून राहिली, कारण इथं सगळ्या गच्च्या एका उंचीच्या. तिच्यावर मिरच्या वाळायच्या. सल्लूहानं ती दिसू नये म्हणून आपल्या बाजूनं झावळ्यांचा पडदा लावून घेतला.

तरी बोलणं चालू असायचं. कोंबड्यांशी. माझी बायको सुआद दोघींकडे जाते, तिनं हे कानांनी ऐकलेलं आहे. लल्ला आपल्या कोंबडीला म्हणायची, "खा बाई, खा. काही जणींच्या कोंबड्यांना दाणे मोजून मिळतात." पडद्यापलीकडून सल्लूहा आपल्या कोंबडीला सांगायची, "तू गप अंडं घाल. आपण दुसऱ्यांची वस्तू उचलून आणत नाही." कोंबड्या बिचाऱ्या वयानं थकल्या.

लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा मुख्तारनं धीर केला. स्वच्छ झगा घातला, टोपी घातली, बदामाची मिठाई घेतली आणि रस्त्यानं, रीतसर, सल्लूहाच्या दारावर टकटक केली. तिनं आनंदानं आत घेतलं. चहाचा पहिला पेला झाला, दुसरा झाला. तिसऱ्या पेल्याला, शेंगदाणे टाकतात त्या, मुख्तारनं घसा साफ केला.

"मावशी, तबक न्यायचंय. आई नेणार आहे. तुमच्या गच्चीवरून जायची परवानगी मिळाली असती तर..."

"काय मिळाली असती तर?"

"परवानगी. म्हणजे आपली काही हरकत नसेल तर."

सल्लूहानं पेला खाली ठेवला. "मुख्तार, तू रांगायला कुठे शिकलास?"

"तुमच्या गच्चीवर."

"माझ्या वाळवणाच्या टोमॅटोंवर कोण मुतलं होतं?"

मुख्तार पाणीपुरवठ्याचा वरिष्ठ कारकून. तो म्हणाला, "लहान होतो, मावशी."

"परवानगी मागितली होतीस?"

"नाही."

"मग आज मी परकी झाले का? मिठाई घेऊन जा. आणि चहा झाला असेल तर तूही जा."

मुख्तार घरी आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, "नाही म्हणाली." घरात शोककळा पसरली. नूरी उठून बाहेर गेला. समोरच्या खिडकीतून मी पाहिलं, तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला, खोकला आणि परत आला.

लल्लानं मात्र मुलाला समोर बसवलं. "नाही म्हणाली म्हणजे काय म्हणाली? शब्द सांग. आधी तुझे, मग तिचे."

मुख्तारनं सगळं सांगितलं. परवानगी हा शब्द आला तशी लल्ला ताठ झाली.

"दारातून गेलास?"

"दारातूनच जातात ना, आई."

"टोपी घालून?"

"हो."

"मिठाई घेऊन, टोपी घालून, दारातून जाऊन तू सल्लूहाकडे गच्चीची वाट मागितलीस?" लल्लानं कपाळावर हात मारला, चांदी खणखणली. "अरे, गच्चीची वाट कधी कुणी कुणाकडे मागितली आहे? विचारलं म्हणजे तुमची गच्ची ती तुमची आणि आमची ती आमची, असं तोंडावर सांगितल्यासारखं. मी असते तर तुला जोडा मारला असता. तिनं चहा पाजला."

मग बांगड्या सारख्या करत ती म्हणाली, "तिचं बरोबर आहे."

पंचवीस वर्षांत सल्लूहाचं काही बरोबर आहे असं त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. मुख्तारची बायको चुलीवरचं जवाच्या पिठाचं बाजीन ढवळायची थांबली, आणि ज्यांनी बाजीन केलं आहे त्यांना कळेल, त्याच्या गाठी झाल्या.

"मग आता?" मुख्तार म्हणाला.

"आता काही नाही. मी जाणार."

"आणि तिनं पडदा काढला नाही तर?"

"तर परत येईन आणि खोलीत बसेन. तेवढं तिच्या हातात आहे." असं म्हणून लल्लानं गाठी झालेलं बाजीन मागून घेतलं आणि चवीनं खाल्लं. रात्री मात्र तिला झोप लागली नाही, हे सुनेनं सुआदला सांगितलं.

यापुढचं मी सांगतो ते सुआदच्या तोंडचं आहे. कारण त्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर तबक निघायची वेळ झाली तेव्हा आम्ही गल्लीतले सगळे पुरुष खाली रांगेनं भिंतीकडे तोंड करून उभे होतो. वस्तीतला हा पहिलाच प्रसंग. कसं उभं राहायचं हे कुणी सांगितलं नव्हतं, पण पाय आपोआप वळले.

वर बायकांची गर्दी. लल्लानं अंगभर लपेटायचा पांढरा रेशमी बार्‍हाण नेसला होता, तबकावर लाल रुमाल. मिरच्या झाडून शिडी उचलली. सुनेनं आणि सुआदनं ती फटीवर आडवी सरकवली. पलीकडे झावळ्यांचा पडदा जसाच्या तसा. शिडीचं टोक पडद्याला टेकलं आणि थांबलं. लल्लानं तबक डोक्यावर घेतलं. हाक मारली नाही, विचारलं नाही. पहिल्या पावटीवर पाय ठेवला.

पडद्यातून दोन हात बाहेर आले. एकानं झावळ्या बाजूला ओढल्या, दुसऱ्यानं शिडीचं टोक घट्ट धरलं.

"किती वेळ?" सल्लूहा म्हणाली. "सकाळपासून गच्ची धुऊन बसले आहे. मेंदी वाळली असेल एव्हाना."

"तू धर नीट," लल्ला पावटीवरून म्हणाली. "बोलताना हात सोडायची सवय आहे तुला."

"माझ्या झाडाची शिडी आहे, मी कशी धरायची ते मला कळतं."

"वाद्या कुणी बांधल्यात ते बघ."

"बघतेय. ढिल्या झाल्यात."

एवढं बोलणं होईपर्यंत लल्ला पलीकडे पोचलीसुद्धा. तबक हललं नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. तबक डोक्यावर असल्यामुळे गळाभेट घेता येईना, म्हणून सल्लूहानं लल्लाचे दोन्ही हात धरले आणि बांगड्या मोजल्यासारखं केलं. "एक कमी आहे."

"नूरीच्या बायकोसाठी काढून ठेवली."

"बरं केलंस. आता डोळे पुस, वाट दिसायची नाही." स्वतःचे तिनं पदरानं आधीच पुसले होते.

सल्लूहाची गच्ची धुतलेली, धूप लावलेला, कडेनं तुळशीसारखी हिरवी मरव्याची रोपटी मांडलेली. आणि दुसऱ्या बाजूच्या फटीवर, शुऐबच्या गच्चीपर्यंत, एक हिरवा पत्र्याचा दरवाजा आडवा टाकलेला.

"हे कुणाचं दार?" लल्लानं विचारलं.

"माझं. घराचं. काल काढून घेतलं."

"आणि खाली?"

"खाली चादर लावलीय. चोर येऊ देत, नाहीतरी त्यांना घर सापडणार नाही."

आता, पत्र्याच्या दारावरून भक्कम बाई चालली की काय होतं ते सांगायला नको. ढाण. ढाण. ढाण. मागून तीस-चाळीस बायका, जुन्या गावच्या सगळ्या, आणि त्यांच्या मागून नव्या पोरी, एकेक करत, टाळ्या वाजवत, जीभ हलवून तो आनंदाचा लांब स्वर काढत. सबंध वस्तीवर ढोल वाजल्यासारखं झालं. खाली आम्ही एका दमात खोकलो. पहिल्या ढाणला शुऐब खोकला, मग मी, मग मुख्तार, आणि मग कोपऱ्यापर्यंत सगळी रांग. खोकता खोकता मुख्तारच्या गालांवरून पाणी वाहत होतं. नूरीला त्या दिवशी बाहेर यायची मनाई होती, तो आत खिडकीशी उभा राहून खोकत होता.

नेमके त्याच वेळी डॉक्टरसाहेब लग्नघरी म्हणून निघाले होते. गल्लीत शिरले आणि बघतात तो पंचवीस माणसं भिंतीला तोंड लावून खोकतायत. साहेब धावतच आले. "कधीपासून?" त्यांनी मला विचारलं.

"पिढ्यान् पिढ्या, साहेब," मी म्हणालो. "तुम्ही पण वळा."

त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण ते वळले. आणि थोड्या वेळानं, जरा संकोचानं, खोकलेही.

शुऐबच्या गच्चीवर इब्तिसामनं तबक स्वतः उतरवून घेतलं. गणिताच्या बाईनं गच्चीवरून तीन घरांच्या रांगेकडे पाहिलं आणि म्हणाली, "आजी, या बाजूनं अजून चार दारं काढली तर थेट दवाखान्यापर्यंत जाता येईल." तेव्हा लल्लाला नातसून पूर्णपणे पसंत पडली.

दार दुसऱ्या दिवशी सल्लूहाच्या चौकटीत परत गेलं. जरा वाकलंय, लावताना अजून ढाण म्हणतं, त्यामुळे गल्लीतलं ते एकच घर आता नवख्याला सांगता येतं. फटीवर त्याच्या जागी मुख्तारनं फळी बसवली. शिडी मात्र त्या दिवशी टाकली तिथंच आहे. तिच्या मधोमध, फटीवर पाय सोडून, दोघी संध्याकाळी बसतात. कोंबड्या आता निवांत आहेत, अंडीही वाढली आहेत.

परवा नगरपालिकेचा एक नवा अधिकारी आला. दोन इमारतींच्या मधे विनापरवाना बांधकाम आहे अशी त्याला खबर होती. पुरुषमाणूस, वर जाऊ शकेना. खालून वर बघत, उन्हात डोळे बारीक करत त्यानं विचारलं, "ही शिडी कुणाची?"

वरून दोन्ही बाजूंनी एकाच वेळी उत्तर आलं, "तिची."

अधिकाऱ्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. मग त्यानं चहा घेतला आणि गेला. तो कोपऱ्यावर पोचून वळतोय तोच वर सुरुवात झाली.

"माझी म्हणालीस ना? आहेच माझ्या झाडाची."

"मग त्याला सांगायचं होतंस."

"तू घडवलेली म्हणत होतीस ना?"

"मी नाही गं, माझ्या नवऱ्यानं."

"हो. ती मात्र त्यानं बरी घडवली," सल्लूहा म्हणाली. आणि वरून शेंगदाणे सोलल्याचा आवाज येऊ लागला.